घन विद्युत् विच्छेद्य आणि मिथेनचे ऑक्सिडीकरण : एका संज्ञेचा इतिहास

विजेच्या योगाने ज्याचे विच्छेदन होते ते विद्युत् विच्छेद्य, या अर्थाची ग्रीक धातूंवरून घडविलेली संज्ञा मायकेल फॅरडे याने १८३४ मध्ये रूढ केली. रासायनिक क्रिया वाहिलेल्या विजेच्या प्रमाणातच घडते, हा त्याचा नियमही त्याच काळातला होय. तप्त घन ऑक्साइडांतूनही आयन वाहतात, हे वाल्टर नेर्न्स्ट याने १८९९ मध्ये दाखविले. स्फटिकातील रिकाम्या जागांवरून ऑक्सिजनचे आयन सरकतात, ही उपपत्ती कार्ल व्हाग्नर याने १९४३ मध्ये मांडली. येथे झिर्कोनिया विच्छेद पावत नाही. नाव मात्र तेच राहिले.

मिथेनमधील कार्बन-हायड्रोजन बंध बळकट असल्याने त्याच्या ऑक्सिडीकरणास उत्प्रेरकासह उच्च तापमान लागते. ग्रीसमधील पात्रास येथे त्सियाकारस व व्हायेनस यांनी झिर्कोनियावर प्लॅटिनमचा पातळ थर देऊन त्यातून वीजप्रवाह सोडला. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार क्रियेच्या वेगातील वाढ पुरविलेल्या ऑक्सिजनच्या हिशेबापेक्षा अनेक पटींनी अधिक होती. म्हणून या परिणामास ‘अ-फॅरडीय’ म्हटले गेले.

तथापि या नकाराने नियम खोटा ठरत नाही. वाहिलेल्या आयनांची संख्या फॅरडेच्या हिशेबाप्रमाणेच असते. ते आयन धातूच्या पृष्ठावर पसरून तेथील बंधांचे बल बदलतात, आणि वाढीव क्रिया घडते ती भोवतालच्या वायूंमध्ये. ‘अ’ या उपसर्गाने नाकारली आहे ती नियमाची सत्यता नव्हे, तर केवळ त्याची व्याप्ती.