गळा आणि चेहरा

सन 1932 मध्यें कोल्हापुरास प्रभात कंपनीनें ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट काढिला, तेव्हां गोविंदराव टेंबे व दुर्गाबाई खोटे यांस कॅमेऱ्यासमोर अभिनय करीत असतांनाच गावें लागे आणि वादकांस चौकटीबाहेर राहून साथ करावी लागे. एक सूर चुकला कीं सारें दृश्य पुन्हां! पुढें 1935 सालीं कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनें ‘धूप छाँव’मध्यें निराळी रीत आणिली: गाणें अगोदर मुद्रित करावें, तें सेटवर वाजवावें व नटानें त्यावर ओठ हलवावे. गळा एकाचा, चेहरा दुसऱ्याचा, ही फारकत आम्हांस तेथपासून परिचित झाली.

या रीतीचें मर्म एकच. तेंच गाणें प्रत्येक वेळीं त्याच गतीनें वाजलें पाहिजे. यंत्र किंचित् मंदावलें कीं ओठ चुकलेच.

2000 सालीं निघालेली ‘ऑडॅसिटी’ ही मोफत आज्ञावली आज जालना जिल्ह्यांतील होतकरू तरुणासहि घरच्या संगणकावर मिळते. अशी आज्ञावली निवडतांना तिचे अलंकार मोजूं नयेत. ध्रुवपद व अंतरे यांवर खुणा करितां येतात काय, हव्या त्या ठिकाणापासून गाणें तत्काळ वाजतें काय, आरंभीं मोजणीचे ठोके घालितां येतात काय, आणि सेकंदास 48,000 नमुन्यांचा चित्रपटांतील रूढ दर शेवटपर्यंत कायम राहतो काय, एवढें पाहावें.

टेंब्यांच्या पिढीनें जी जबाबदारी गळ्यावर घेतली, तीच आज यंत्रावर आली आहे. आमच्या मतें कसोटी मात्र बदललेली नाहीं: स्वर कोणाचाहि असो, तो पडद्यावरील माणसाच्याच छातींतून निघाला असें वाटलें पाहिजे.