घरगुती डीव्हीडीची घडण : संगणकातील फाईलपासून दूरदर्शनसंचापर्यंत

संगणकातील व्हिडिओ फाईल कोऱ्या तबकडीवर जशीच्या तशी उतरवून ती तबकडी दिवाणखान्यातील डीव्हीडी प्लेअरमध्ये घातली, तर एकविसाव्या शतकाच्या प्रारंभीचे बहुतेक प्लेअर ती नाकारीत असत. फाईल सदोष नसे, तबकडीही सदोष नसे. प्लेअरला एका ठराविक रचनेत बसवलेले दृश्य तेवढे वाचता येत होते. ही रचना 1995-96 मध्ये निश्चित झाली आणि पुढील दहा-पंधरा वर्षे घरोघरच्या चित्रणाला तिच्या साच्यातून जावे लागले. विवाह, मुंजी, साठीशांती यांची त्या काळातील चित्रणे सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून उद्या अभ्यासकापुढे येतील, तेव्हा त्यांतील कोणते वैगुण्य कॅमेऱ्याचे आणि कोणते रूपांतराचे, हे त्याला ओळखावे लागेल. त्यासाठी या साच्याचा परिचय अगत्याचा आहे.

साचा घडला तो चित्रपटव्यवसायाच्या गरजेतून. एका बाजूस सोनी व फिलिप्स, दुसऱ्या बाजूस तोशिबा, मात्सुशिता व टाइम वॉर्नर असे दोन पक्ष प्रतिस्पर्धी तबकड्या पुढे करीत होते. संगणक-उद्योगाने, विशेषतः आयबीएमने, दडपण आणल्यावर 1995 मध्ये त्यांच्यात तडजोड झाली. नोव्हेंबर 1996 मध्ये जपानात व मार्च 1997 मध्ये अमेरिकेत प्लेअर विक्रीस आले. या योजनेत घरातील माणूस केवळ प्रेक्षक होता. त्याने स्वतः तबकडी लिहावी हा विचार तीत गौण होता. पायोनिअरने 1997 मध्ये आणलेल्या पहिल्या लेखनयंत्राची किंमत सुमारे 17,000 डॉलर होती आणि त्याच्या तबकडीवर 3.95 गिगाबाइट एवढाच मजकूर मावत असे.

रचनेचे नियम भाषेच्या व्याकरणापेक्षाही कठोर होते, कारण भाषेत अशुद्ध वाक्यही ऐकणाऱ्यास बहुधा कळते. दृश्य प्रामुख्याने एमपेग-2 या पद्धतीने संकेतित केलेले हवे. पूर्ण आकाराची चौकट भारतासारख्या पाल पद्धतीच्या देशांत 720 गुणिले 576 बिंदूंची व सेकंदाला 25, तर अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीत 720 गुणिले 480 बिंदूंची व सेकंदाला सुमारे 30. ध्वनीचे नमुने सेकंदाला 48,000. सीडीवरील संगीताचे 44,100 चालत नसत. दृश्य, ध्वनी व उपशीर्षके एकत्र गुंफून ती व्हीओबी नावाच्या, प्रत्येकी एक गिगाबाइटच्या आतील फाईलींत ठेवावयाची, त्यांची अनुक्रमणिका आयएफओ फाईलीत व तिची प्रत बीयूपी फाईलीत. हे सर्व ‘व्हिडिओ_टीएस’ याच नावाच्या कप्प्यात असले पाहिजे. प्रवाहात अर्ध्या ते एका सेकंदाच्या अंतराने दिशादर्शक माहितीचा तुकडा येतो आणि त्याच्या आधारे दूरनियंत्रकाचे बटण दाबताच पुढे-मागे उडी मारता येते. संगणकावरील डिव्हएक्स फाईलीत स्वयंपूर्ण चौकट कित्येक सेकंदांनी एकदाच येई. यामुळे फाईलीचे नाव बदलून भागत नसे; सबंध दृश्य उलगडून पुन्हा संकेतित करावे लागे. त्या काळच्या संगणकाला एका चित्रपटासाठी सारी रात्र लागणे नवलाचे नव्हते.

येथे एक गैरसमज बळावला होता. 700 मेगाबाइटची फाईल रूपांतरानंतर चार गिगाबाइटची होई आणि चित्र सुधारले असे मानले जाई. वस्तुतः प्रत्येक पुनःसंकेतनात काही तपशील गळतो. गेलेला परत येत नाही. शिवाय तबकडीची मर्यादा होतीच. 4.7 गिगाबाइट म्हणजे 3,760 कोटी बिट. ते दोन तासांत वाटले तर सेकंदाला सुमारे 52 लाख बिट वाट्यास येतात व चित्र समाधानकारक राहते. तीन तासांचे लग्न त्याच तबकडीवर कोंबले की हिस्सा 35 लाखांवर उतरतो. अक्षता उधळल्या जातात, त्या क्षणी पडद्यावर चौकोनी ठिगळे दिसतात. कारण हजारो हलते कण हे संकेतनापुढील अत्यंत अवघड काम आहे. दुसरी तबकडी वापरणे हा उपाय सर्वांस ठाऊक होता, तो क्वचितच योजला गेला.

जानेवारी 2001 मध्ये ॲपलने तबकडी-लेखक असलेला संगणक आणि आयडीव्हीडी ही प्रणाली एकत्र आणली, तेथून ही क्रिया घरगुती झाली असे म्हणता येईल. फाब्रिस बेलार यांनी 2000 मध्ये आरंभलेली एफएफएमपेग ही मुक्त प्रणाली अनेक विनामूल्य साधनांच्या मुळाशी आहे. साच्यात भरण्याच्या या कामाला इंग्रजीत ‘ऑथरिंग’ म्हणतात, म्हणजे ग्रंथकर्तृत्व. ज्याने एक शब्दही लिहिलेला नाही त्यास हा मान मिळावा, हे गमतीचे आहे. मराठी बोलण्यात मात्र ‘डीव्हीडी रायट करून देणे’ रुळले. ते अधिक प्रामाणिक वाटते.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना या व्याकरणाचा जाच वेगळ्या प्रकारे झाला. घरी केलेल्या तबकडीस प्रादेशिक कुलूप नसे, त्यामुळे ती कोठेही चालेल असे वाटे. परंतु पुण्यात पाल पद्धतीने केलेली लग्नाची तबकडी अमेरिकेतील बहुतेक प्लेअर दाखवीत नसत, आणि तिकडून आलेली तबकडी भारतातील बहुतेक प्लेअर निमूटपणे दाखवीत. जिला भाचीच्या लग्नास येता आले नाही, त्या मावशीने ते संगणकाच्या लहान पडद्यावर पाहिले, एवढाच मार्ग उरे.

पुढे प्लेअर व दूरदर्शनसंच स्वतःच फाईली वाचू लागले. 2011 पासून नव्या मॅकवर आयडीव्हीडी येईनाशी झाली. विंडोजमधील डीव्हीडी मेकर 2012 च्या आवृत्तीतून वगळला गेला. लेखनीय तबकडीवरील नोंद मात्र सेंद्रिय रंगाच्या थरात असते. उष्णता व प्रकाश यांनी तो विटतो. जागा वाचविण्यासाठी मूळ फाईल तेव्हाच पुसली गेली असेल, तर ही तबकडी हीच एकमेव प्रत ठरते.

म्हणून आता उलट दिशेचे रूपांतर चालू आहे : तबकडीवरून पुन्हा फाईलीकडे. त्यात दृश्य बहुधा वाचते, पण मेनू गळतो, कारण साध्या फाईलीत त्यास जागा नाही. ‘सीमांतपूजन’, ‘मंगलाष्टके’, ‘सप्तपदी’, ‘वरात’ अशी जी नावे छायाचित्रकाराने त्यावर घातली होती, ती संगणकाच्या दृष्टीने अक्षरे नव्हतीच. ते चित्राचे ठिपके होते. फाईलींची नावे तर प्रत्येक तबकडीवर सारखीच असतात. लग्न कोणाचे, कोठे व कोणत्या साली झाले, हे बहुशः तबकडीच्या पाठीवर मार्कर पेनने लिहिलेल्या ओळीवरूनच कळते, आणि ती ओळ फाईलीबरोबर जात नाही.