रंगीत चित्रनलिकेतील टिकाऊ ऋणाग्रे

जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या चित्रनलिकेत मागच्या अरुंद मानेत बसवलेला, तापवल्यावर इलेक्ट्रॉन बाहेर टाकणारा भाग म्हणजे ऋणाग्र. नलिकेचे आयुष्य बहुधा यावरच ठरते. काच शाबूत असते, पडद्यावरचा फॉस्फर ठीक असतो, पण ऋणाग्र थकते आणि चित्र मंद पडते.

कृष्णधवल नलिकेला एक ऋणाग्र पुरते. रंगीत नलिकेला लाल, हिरवा व निळा या तीन रंगांसाठी तीन लागतात, आणि ती सारख्याच गतीने जुनी व्हावी लागतात; एक मागे पडले की पांढऱ्यावर नको ती छटा चढते. शिवाय पडद्यामागची छिद्रांची जाळी (शॅडो मास्क) तीन चतुर्थांशांहून अधिक इलेक्ट्रॉन स्वतःच अडवते. त्यामुळे तेवढ्याच उजेडासाठी बराच जास्त प्रवाह लागतो. टिकाऊपणाची चिंता रंगीत नलिकेत वाढली ती यामुळे.

सर्वांत जास्त वापरले गेले ते ऑक्साइड ऋणाग्र. त्याचे मूळ जर्मन भौतिकीविज्ञ आर्थर वेनेल्ट यांच्या १९०४ च्या सुमाराच्या शोधात आहे. निकेलच्या छोट्या टोपीवर बेरियम, स्ट्राँशियम व कॅल्शियम यांच्या कार्बोनेटांचा लेप फवारतात. ऑक्साइडे थेट लावत नाहीत, कारण ती हवेतला ओलावा शोषतात. नलिका निर्वात करताना लेप तापवला की कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो व ऑक्साइडे उरतात. निकेलमध्ये मुद्दाम ठेवलेले मॅग्नेशियम व सिलिकॉन यांचे अंश हळूहळू लेपाकडे सरकतात आणि बेरियम ऑक्साइडातून थोडे बेरियम मोकळे करतात. सारी करामत या मोकळ्या बेरियमची: त्याच्यामुळे ७५० ते ८०० अंश सेल्सिअसलाच भरपूर इलेक्ट्रॉन मिळतात. शुद्ध टंगस्टनला त्यासाठी २,००० अंशांच्या वर तापवावे लागते.

ऱ्हासही इथेच सुरू होतो. बेरियम सतत उडत राहते, ते भरून काढणारे मॅग्नेशियम संपत जाते आणि सिलिकॉनमुळे निकेल व लेप यांच्यामध्ये बेरियम सिलिकेटचा रोधक थर साचतो. नलिकेत उरलेला ऑक्सिजन किंवा पाण्याची वाफ लेपाला निकामी करते. म्हणून नलिकेत असे उरलेले वायू शोषून घेणारा बेरियमचा गेटर ठेवत. ‘वीक’ झालेल्या ट्यूबचा हीटर ६.३ व्होल्टच्या वर चालवून कारागीर चित्र परत आणत, पण वाढलेल्या तापमानाने बेरियम आणखी वेगाने उडे. तो उपाय तात्पुरताच.

१९८० च्या दशकात जपानमध्ये मित्सुबिशीच्या संशोधकांनी लेपात स्कँडियम ऑक्साइड मिसळून तो रोधक थर साचणे आटोक्यात आणले. अधिक प्रवाह दीर्घकाळ मिळू लागला, आणि हे जुन्याच उत्पादनपद्धतीत बसणारे असल्यामुळे स्वस्त पडले.

दुसरी वाट फिलिप्स कंपनीची. १९५० मध्ये तिथल्या लेमेन्स व सहकाऱ्यांनी सच्छिद्र टंगस्टनमागे बेरियमचा साठा ठेवला. पुढे रॉबर्टो लेव्ही यांनी टंगस्टनच्या छिद्रांतच बेरियम-कॅल्शियम ॲल्युमिनेट जिरवले. पृष्ठभागावरचे बेरियम उडाले की आतून नवे येते. १९६० च्या दशकात त्यावर ऑस्मियम-रुथेनियमचा पातळ थर देऊन कार्यतापमान सुमारे १०० अंशांनी उतरवले गेले. तरीही ते १,००० अंशांच्या आसपास राहिले. हीटरवर ताण आणि किंमत जास्त. म्हणून ही ऋणाग्रे मुख्यतः मोठ्या व उच्च स्पष्टतेच्या नलिकांपुरती राहिली. उपग्रहांवरील सूक्ष्मतरंग प्रवर्धक नलिकांत मात्र ती आजही वापरात आहेत.