मल्लखांबपटूची जडणघडण

मल्लखांबपटूची जडणघडण म्हणजे नवशिक्या विद्यार्थ्यापासून स्पर्धक खेळाडूपर्यंतचा शारीरिक व मानसिक प्रवास. मल्लखांब हा लाकडी खांबावर किंवा दोरीवर करावयाचा महाराष्ट्रातील पारंपरिक व्यायामप्रकार आहे. या खेळात प्रतिस्पर्धी समोर नसतो. खेळाडू एकटाच खांबावर चढतो आणि पंच त्याच्या कौशल्याला गुण देतात. त्यामुळे शरीराच्या तयारीइतकेच महत्त्व येथे आत्मविश्वासाला आहे.

पार्श्वभूमी

मल्लखांब मुळात कुस्तीला पूरक असा व्यायाम होता. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी त्याचे पुनरुज्जीवन केले. १९५८ साली राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत त्याचा समावेश झाला आणि १९८१ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा भरली. पुरलेला, टांगता व दोरीचा असे स्पर्धेतील तीन प्रमुख प्रकार आहेत.

प्रारंभिक टप्पा

पुरलेला मल्लखांब जमिनीच्या वर सुमारे २.५ मीटर असतो. घर्षण कमी व्हावे म्हणून त्यास एरंडेल तेल लावतात. प्रारंभी विद्यार्थ्याकडून जोर, बैठका व सूर्यनमस्कार करवून घेतले जातात. त्यानंतर सलामी, साधी उडी व साधी अढी शिकवितात. अढीमध्ये डोके खाली करून पायांनी खांब पकडावा लागतो. हात सोडले तरी केवळ पायांच्या पकडीवर शरीर टिकते, हा अनुभव विद्यार्थ्यास प्रथम येथेच मिळतो. दोरीच्या मल्लखांबात पायाचा अंगठा व शेजारचे बोट यांत दोरी धरावी लागते. सुरुवातीस ही पकड दुखते. दोरीला गाठ न मारता हे सर्व करावयाचे असल्याने सरावाशिवाय गत्यंतर नसते.

भीती व तिचे नियमन

उंची, उलटे लटकणे आणि निसटण्याची शक्यता ही भीतीची तीन स्वाभाविक कारणे होत. अनुभवी प्रशिक्षक भीती नाकारीत नाहीत. ते कृतीचे लहान भाग पाडतात. प्रथम जमिनीलगत, मग आधार देऊन, मग गादीवर आणि अखेरीस आधाराविना अशी चढती पायरी ठेवली जाते. उतरण्याची सुरक्षित पद्धत आधी शिकविली जाते. खाली कसे यावे हे ज्यास ठाऊक आहे, तो वर जाण्यास कचरत नाही. घाईने वरची पायरी गाठलेला विद्यार्थी एकदा जोरात पडला, तर त्याचा विश्वास पुन्हा बसविण्यास दीर्घ काळ लागतो.

दृष्टिहीन विद्यार्थिनींना मल्लखांब शिकविण्याचे उदय देशपांडे यांचे कार्य या दृष्टीने उल्लेखनीय आहे. स्पर्श व सूचना यांच्या आधारे शरीराची जाणीव घडविता येते, हे त्यातून दिसून आले. त्यांना २०२४ साली पद्मश्री जाहीर झाली.

संचबांधणी

बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल, ताजवे इत्यादी प्रकार स्वतंत्रपणे पक्के झाल्यावर त्यांची साखळी, म्हणजेच संच, बांधला जातो. संच ठरावीक वेळेत पूर्ण करावयाचा असतो. अवघड प्रकार घेतल्यास अधिक गुण मिळण्याची शक्यता वाढते, मात्र तो डळमळला तर सफाईचे गुण जातात. सरावात सातत्याने जमणारे प्रकारच संचात ठेवावेत आणि नवे प्रकार वेगळे घोटावेत, ही त्यावरील रूढ पद्धत आहे. स्पर्धेच्या दिवशीचा आत्मविश्वास बहुतांशी या निवडीवर अवलंबून असतो.

अपयश व कामगिरी

गुणांकनाच्या इतर खेळांतही प्रगती सरळ रेषेत होत नाही. अमेरिकी फिगर स्केटर नेथन चेन २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये लघु कार्यक्रमात १७ वा आला. दीर्घ कार्यक्रमात मात्र त्याने सर्वाधिक २१५.०८ गुण मिळवून एकूण पाचवे स्थान गाठले. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्याने लघु कार्यक्रमात ११३.९७ गुणांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक जिंकले. मधल्या चार वर्षांच्या सरावाइतकेच २०१८ च्या त्या दुसऱ्या कार्यक्रमाला महत्त्व आहे. पहिली फेरी बिघडली तरी पुढची फेरी स्वतंत्र मानावयाची असते. मल्लखांबातही एका प्रकारात हात सुटल्यावर उरलेला संच नेटाने पूर्ण करणे हा शिक्षणाचाच भाग समजला जातो.

ग्रामीण व तालुका पातळीवरील स्थिती

जामनेरसारख्या खानदेशातील तालुक्याच्या गावांना कुस्तीचा आखाडा परिचित आहे. मल्लखांबासाठी मात्र खांब, गादी व जाणकार शिक्षक हे तिन्ही एकत्र असावे लागतात. शालेय स्पर्धांत जळगाव जिल्ह्यातील खेळाडूस राज्य पातळी गाठण्यासाठी नाशिक विभागातून निवडून यावे लागते. मोठ्या स्पर्धांचा अनुभव कमी असल्याने सरावात उत्तम असलेला विद्यार्थी पंचांसमोर बावरतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा गणेशोत्सवात प्रेक्षकांपुढे प्रात्यक्षिके केल्यास हा बुजरेपणा काही अंशी कमी होतो.

दहावीच्या वर्षी सराव सुटणे ही दुसरी अडचण होय. याच वयात अनेकांची पकड परिपक्व होत असते आणि वर्षभराच्या खंडाने ती ढिली पडते. मुलींच्या बाबतीत हा खंड बहुधा कायमचा ठरतो. या पार्श्वभूमीवर हिमानी परब यांना २०२१ चा अर्जुन पुरस्कार मिळणे महत्त्वाचे ठरते. मल्लखांबासाठी हा पुरस्कार प्रथमच दिला गेला. पुढील वर्षी तो सागर ओव्हाळकर यांना मिळाला. खेळ चालू ठेवू इच्छिणाऱ्या मुलीस घरी दाखविता येईल असे उदाहरण त्यामुळे उपलब्ध झाले.

हेही पाहा

मल्लखांब
कुस्ती
जिम्नॅस्टिक्स
फिगर स्केटिंग
अर्जुन पुरस्कार