पुस्तक आणि खाट

माझी भाची बांबोळीला गोमेकॉत शिकते. यंदा तिचं वॉर्डात जाणं सुरू झालं. चतुर्थीला घरी आली ती गप्पच. रात्री म्हणाली, "मामा, ज्या आजोबांची हिस्टरी मी घेतली होती, ते गेले. सकाळी बघते तर खाट रिकामी. बाहेर आजी बसलेली. तिच्याशी काय बोलायचं, हे पुस्तकात कुठं असतं?"

मी आर्ट्सवाला, कचेरीत फायली हलवणारा. मी काय सांगणार? पण मला आमच्या मांद्रेचा एक माणूस आठवला.

रामकृष्ण विठ्ठल लाड, म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड, मूळ पेडण्यातल्या मांद्रेचे. पणजीत १८४२ साली वैद्यकीय शाळा निघाली, पण भाऊंचं कुटुंब त्याआधीच मुंबईला गेलं होतं. तिथं भाऊ एल्फिन्स्टनमध्ये शिकवत. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं आणि हा मास्तर पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर जाऊन बसला. त्याच पहिल्या तुकडीत गोव्याचेच जुझे कामील लिस्बोआ होते आणि पुढं प्रार्थना समाज काढणारे आत्माराम पांडुरंगही.

कॉलेजाला जोडून जमशेटजी जिजीभाईंच्या देणगीतलं इस्पितळ होतं. पहिले प्राचार्य डॉ. चार्ल्स मोरहेड कॉलेजात शिकवत आणि जे.जे.त रोगीही तपासत. वर्गात ऐकलेला रोग इस्पितळात माणूस होऊन समोर येई. १८५१ साली ही मंडळी पदवीधर झाली.

भाऊंना आपण प्राचीन शिलालेखांचे अभ्यासक म्हणून ओळखतो. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाला १९७५ पासून त्यांचं नाव आहे. पण त्यांनी धाकटे बंधू डॉ. नारायण यांच्यासह गरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला, हे कितीजणांना ठाऊक असतं? ज्यांना लोक दाराशी उभं करत नसत, त्या कुष्ठरोग्यांवर ते औषधाचे प्रयोग करत राहिले. १८७४ साली भाऊ वारले. विद्वत्ता त्यांच्याकडे कॉलेजात जाण्याआधीही होती. रोग्याजवळ बसायची सवय मात्र, मला वाटतं, त्या खाटांपाशीच लागली असावी.

भाचीला एवढंच म्हटलं, "बाय, शब्द सुचले नाहीत तर आजीपाशी नुसतं बसायचं."

सोमवारी तिचा फोन आला. त्या खाटेवर नवा रोगी आला होता.

"मामा, आज आधी नाव विचारलं. दुखणं मग."