पाण्यासाठी राखलेले डोंगर

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात ब्लॉसम रॉक नावाचा एक खडक पाण्याखाली दडलेला होता. ब्रिटिश नौदलाच्या कॅप्टन बीचीने १८२६ साली त्याची नोंद केली. तो चुकवायचा कसा, याची खूण होती पलीकडच्या ओकलंडच्या डोंगरमाथ्यावरची दोन प्रचंड रेडवूड झाडं. पुढे सोन्याच्या शोधात माणसांचे लोंढे आले, घरांना लाकूड हवं झालं, आणि १८६०पर्यंत ते सगळं जंगल करवतीखाली गेलं. हे डोंगर पिढ्यान्‌पिढ्या ओलोनी लोकांचे. त्यांना तर त्याआधीच तिथून उखडलं गेलं होतं.

तरीही आज ओकलंड-बर्कलीच्या पाठीशी मैलोन्‌मैल मोकळे डोंगर आहेत. अलामेडा आणि कॉन्ट्रा कोस्टा या दोन काउंट्यांत ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्टची सत्तरहून जास्त उद्यानं आहेत, सुमारे १,२५,००० एकरांवर पसरलेली. त्यांचं मूळ नळाच्या पाण्यात आहे.

शहरांना पाणी पुरवणाऱ्या खाजगी कंपन्यांनी ओढ्यांचं पाणी स्वच्छ राहावं म्हणून पाणलोटाचे डोंगर विकत घेऊन ठेवले होते. हेतू व्यवहाराचा, पण घरं चढली नाहीत ती त्यामुळेच. मुंबईत विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) या तलावांच्या पाणलोटानेही बोरिवलीच्या जंगलाचा मोठा भाग असाच राखला. पाण्याची ही राखण मला फार मोलाची वाटते. जंगलासाठी कुणी जंगल राखत नव्हतं, त्या काळात तिने ते राखलं.

१९२३ साली लोकांच्या मालकीची पाणी संस्था स्थापन झाली. तिने सिएरा नेवाडातून येणाऱ्या मोकेलमी नदीवर पार्डी धरण बांधलं आणि १९२९ साली ते पाणी दूरवरून शहरांत पोचलं. मग डोंगरातली जवळपास १०,००० एकर पाणलोटाची जमीन जास्तीची ठरली. वाढत्या शहरालगतची एवढी जमीन प्लॉट पाडून विकली जाणार, हे उघडच होतं.

रॉबर्ट सिबली हे डोंगर पायी तुडवणारे गृहस्थ. ते आणि त्यांचे सोबती या जमिनीसाठी उभे राहिले. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणाऱ्या ओल्मस्टेडच्या मुलांची कंपनी आणि राष्ट्रीय उद्यान सेवेतले ॲन्सेल हॉल यांनी १९३० साली अहवाल देऊन डोंगरमाथ्यावरच्या उद्यानांची साखळी सुचवली. पाणी संस्थेला उद्यानं चालवायची नव्हती, म्हणून वेगळी संस्था काढायला १९३३ साली राज्याने कायदा केला.

नोव्हेंबर १९३४मध्ये अलामेडा काउंटीतल्या सात शहरांत या नव्या संस्थेसाठी मतदान झालं. महामंदी सुरू होती, हातांना काम नव्हतं. अशा वेळी १०० डॉलरच्या करपात्र मालमत्तेवर ५ सेंट कर स्वतःवर लादून घ्यायचा का, हा प्रश्न होता. ७१ टक्के मतदारांनी हो म्हटलं! ज्यांच्या घरात पैशाची खरी चणचण होती, त्यांनीही डोंगर विकत घ्यायला पैसे देऊ केले. माझ्या लेखी या कुळकथेतलं सर्वांत थोर पान हेच.

१९३६ साली पाणी संस्थेकडून २,१६६ एकर घेऊन तीन उद्यानं सुरू झाली : टिल्डन, टेमेस्कल आणि राउंडटॉप. राउंडटॉपला पुढे सिबलींचंच नाव मिळालं. टेमेस्कल तर मुळात पाणीपुरवठ्याचा जुना तलाव. तिथे आता लोक पोहू लागले. पायवाटा, दगडी बांधकामं सरकारी रोजगार योजनांवरच्या बेकार माणसांनी केली. रेडवूडचं उद्यान १९३९ साली आलं. तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांना फुटवे फुटले होते, त्यांचंच आजचं जंगल झालं आहे.

१९३४च्या मतदानाबाहेर राहिलेली कॉन्ट्रा कोस्टा १९६४ साली सामील झाली. उद्यानं दक्षिणेकडेही वाढत गेली. फ्रीमाँटजवळच्या मिशन पीकच्या चढावर आता मराठीही कानावर येते. २००८ साली, पुन्हा मंदीतच, उद्यानांसाठीच्या ५० कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना दोन-तृतीयांशाहून जास्त मतं मिळाली. त्यातले साडेबारा कोटी शहरांना त्यांच्या स्थानिक उद्यानांसाठी ठेवले होते.