चांदीचे कलश आणि आईला दिलेला शब्द

१/
मे १९०२. मुंबई बंदरातून 'ऑलिंपिया' नावाची नवी कोरी आगबोट विलायतेकडे निघाली. बोटीवर जयपूरनरेश सवाई माधोसिंह (दुसरे) होते, शंभराहून अधिक माणसांचा लवाजमा होता, गोपाळजींची मूर्ती होती, आणि जवळजवळ पुरुषभर उंचीचे तीन चांदीचे कलश होते. त्या कलशांत गंगाजल होते.

२/
निमित्त होते सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाचे. समारंभ २६ जूनला ठरला होता; परंतु राजा आजारी पडला आणि तो ९ ऑगस्टपर्यंत लांबला. महाराजांना त्याची अडचण नव्हती. आचारी स्वतःचे, शिधा स्वतःचा, पाणीही स्वतःचे. सुमारे १४,००० चांदीची नाणी वितळवून घडवलेल्या त्या कलशांपैकी दोन आजही जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये पाहावयास मिळतात.

३/
ही हकीकत बहुधा राजेशाही थाटाचा नमुना म्हणून सांगितली जाते. वस्तुतः तिच्या मुळाशी साधा प्रश्न आहे : परमुलखात खायचे काय, आणि कोणाच्या हातचे? एकोणिसाव्या शतकात समुद्रगमन निषिद्ध मानले जाई, त्यात खाऱ्या पाण्याच्या भयापेक्षा अन्नपाण्याच्या विटाळाचे भय मोठे होते. महाराजांनी त्यावर शोधलेला उपाय सरळ होता : जयपूरच सोबत न्यावे.

४/
पण ज्यांच्यापाशी कलश नव्हते, त्यांनी काय केले? आजचा हा धागा त्यांच्याविषयी आहे.

५/
७ एप्रिल १८८३. अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, वैद्यकीच्या शिक्षणासाठी. निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथील जाहीर भाषणात त्यांनी सांगितले होते की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. फिलाडेल्फियाच्या कडाक्याच्या थंडीतही त्यांनी शाकाहार आणि साडी सोडली नाही. ताटात काय आहे, यावरच आपण दिलेल्या ग्वाहीची परीक्षा होणार, हे त्या पुरते जाणून होत्या.

६/
त्याच वर्षी पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील मठात राहत असताना सप्टेंबरमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आता आहाराचे बंधन सुटेल, अशी यजमानांची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. तसे घडले नाही. बाप्तिस्म्यानंतरही रमाबाई शाकाहारीच राहिल्या. मठातील भगिनींना त्यात जातीचा अभिमान दिसला. रमाबाईंना मात्र पूर्वजांची चांगली रीत टाकण्याचे कारण दिसले नाही. धर्म बदलला तरी ताट बदललेच पाहिजे असे नाही, हे त्यांनी कृतीने दाखवले.

७/
आता तिसरा प्रवासी. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून 'क्लाइड' बोटीने एक तरुण बॅरिस्टर होण्यासाठी निघाला. वय वर्षे अठरा. एकोणिसावे लागायला महिनाही उरला नव्हता. नाव मोहनदास करमचंद गांधी. मोढ वाणी ज्ञातीने त्याला बहिष्कृत केले होते. आईने मात्र परवानगी दिली, ती बेचरजी स्वामी या जैन साधूसमोर तीन शपथा घेववून : मद्य, स्त्री आणि मांस यांपासून दूर राहीन.

८/
येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. मोहनदासला त्या वेळी मांसाहार वाईट वाटत नव्हता! राजकोटला शाळेत असताना त्याने चोरून मांस खाल्ले होते. इंग्रज मांस खातात म्हणून बलवान आहेत, आपणही कधीतरी खाल्ले पाहिजे, असेच त्याचे मत होते. म्हणजे तो पाळत होता तो शब्द, मत नव्हे.

९/
आणि या शब्दाची किंमत मोठी होती. बोटीवर एका इंग्रज प्रवाशाने बजावले की बिस्केच्या उपसागरापर्यंत ठीक आहे, पुढच्या थंडीत मांसावाचून निभाव लागणार नाही. लंडनमध्ये घरमालकीण सकाळी ओटची लापशी देई, ती कशीबशी पोट भरी; दुपारी आणि रात्री पालकाची भाजी, पाव आणि मुरंबा. दोन-तीन तुकड्यांहून अधिक पाव मागायला संकोच वाटे. एका स्नेह्याने तर बेंथमचा उपयुक्ततावाद वाचून दाखवला : अडाणी आईला दिलेल्या शपथेला कायद्यात काय अर्थ? मोहनदासकडे युक्तिवाद नव्हता. शपथ मोडता येत नाही, एवढेच उत्तर होते.

१०/
मग तो पायी शोधू लागला. दिवसाला दहा-बारा मैल चालणे, स्वस्त खाणावळीत नुसता पाव खाणे. एके दिवशी फॅरिंग्डन स्ट्रीटवर 'सेंट्रल' नावाचे शाकाहारी उपाहारगृह सापडले. दारातल्या काचेच्या कपाटात विक्रीची पुस्तके होती. हेन्री सॉल्टचे 'अ प्ली फॉर व्हेजिटेरियनिझम' त्याने एका शिलिंगला घेतले आणि जेवायला बसला. विलायतेत आल्यापासूनचे ते त्याचे पहिले पोटभर जेवण.

११/
हे उपाहारगृह तेथे आले कोठून? इंग्लंडमध्ये १८४७ पासूनच 'व्हेजिटेरियन सोसायटी' कार्यरत होती. प्राण्यांविषयीची करुणा, आरोग्य, काटकसर, समाजसुधारणा अशा नाना वाटांनी माणसे तिच्याकडे येत. जे भारतातून सोबत न्यावे लागेल असे वाटत होते, ते लंडनच्या रस्त्यावर स्वतंत्रपणे उगवलेले होते. सॉल्टचे पुस्तक वाचून गांधींचे मत पालटले. आजवर शपथेपोटी पाळलेला शाकाहार आता त्यांनी स्वेच्छेने स्वीकारला.

१२/
मग प्रवासही सुकर झाला. पॅरिसचे महाप्रदर्शन पाहायला जाताना त्यांनी तेथील एका शाकाहारी उपाहारगृहाची माहिती आधीच वाचून ठेवली, तेथेच खोली घेतली आणि सात दिवस राहिले. हाती नकाशा घेऊन शहर पायी पाहिले. आयफेल टॉवरवर चढले. (आत्मकथेत या प्रदर्शनाचे साल १८९० दिले आहे; प्रत्यक्षात ते १८८९ मध्ये भरले. आठवणी साधन म्हणून वापरताना अशी पडताळणी अवश्य करावी.) व्हेंटनर या किनाऱ्यावरच्या गावी गेले, तेव्हाही मुक्काम एका शाकाहारी कुटुंबातच होता.

१३/
एक पेच तरीही उरला : अंडे. इंग्लंडमध्ये मांसाच्या तीन व्याख्या त्यांना आढळल्या. पहिलीत फक्त पशुपक्ष्यांचे मांस, दुसरीत मासेही, तिसरीत अंडी आणि दूधसुद्धा. पहिल्या व्याख्येचा आधार घेऊन ते काही काळ अंडी खात होते. मग लक्षात आले की शपथ देणाऱ्या आईची व्याख्या हीच खरी, आणि आईच्या लेखी अंडे वर्ज्यच होते. त्यांनी अंडी सोडली. परिणामी शाकाहारी उपाहारगृहातही प्रत्येक पुडिंग, प्रत्येक केक यांत काय आहे, हे विचारत बसणे आले!

१४/
१२ जून १८९१ रोजी ते परत निघाले. मुंबईत उतरल्यावर कळले की आई गेली आहे. परदेशात धक्का बसू नये म्हणून भावाने बातमी दडवून ठेवली होती. जिच्या व्याख्येखातर अंड्याचा कणही टाळला, तिला 'शब्द पाळला' एवढे सांगणेही नशिबी आले नाही.

१५/
आणि त्यानंतर? भावाने त्यांना राजकोटला नेण्याआधी नाशिकला नेले. गोदावरीत स्नान घडवून विलायतेचा दोष धुतला. मग राजकोटला ज्ञातिभोजन दिले. एवढे करूनही ज्ञातीतील एक तट बहिष्कारावर ठाम राहिला. तीन वर्षे त्यांनी काय खाल्ले, हा प्रश्न ज्ञातीच्या दृष्टीने गौण होता. समुद्र ओलांडला हाच अपराध.

१६/
म्हणून या चार प्रवाशांना एकाच पंक्तीत बसवताना जपून राहावे. ताट वरवर सारखे दिसते. माधोसिंहांच्या ताटात आचार होता, आनंदीबाईंच्या ताटात स्वदेशीयांना दिलेली ग्वाही, रमाबाईंच्या ताटात स्वत्व. आणि गांधींच्या ताटात आधी आईचा शब्द, मग स्वतःचा विचार. इतिहासात आहाराचा अभ्यास करताना 'काय खाल्ले' येथे थांबू नये. 'का खाल्ले नाही' हेही विचारावे.

१७/
जयपूरला गेलात तर ते कलश अवश्य पाहा. आणि नाशिकला गोदाकाठी उभे राहाल तेव्हा आठवा : शब्दाला जागलेल्या एका मुलाला येथे शुद्ध करून घेतले गेले होते.

(धागा समाप्त)